परदेशातल्या बालगृहात व्हॉलंटियर म्हणून जायचंय? तिकिटाच्या आधी काय काय करायचं

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारी आला की कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर तसलंच पोस्टर फिरायला लागतं. मागे हिरवा डोंगर, पुढे दात काढून हसणारी चार पोरं, खाली मोठ्या अक्षरात काठमांडूच्या अनाथाश्रमात दोन आठवडे, राहणं-जेवण-सर्टिफिकेट सकट, जागा मर्यादित. मग मला मेसेज सुरू होतात, ताई जाऊ का, किती खर्च येतो, आईला कसं पटवू. प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा सगळं एका ठिकाणी लिहून ठेवते. हे डिग्रीच्या पोरापोरींसाठी आहे, ज्यांनी असलं काही आधी केलेलं नाही. उदाहरणं जास्त करून नेपाळची येतील, कारण माझ्याकडे विचारायला येणारे बहुतेक तिकडेच निघालेले असतात, व्हिसा लागत नाही, खर्च झेपतो आणि हिंदीवर निभावतं म्हणून.

पहिली पायरी: कशासाठी जायचंय ते स्वतःशी खरं बोला

एमएसच्या एसओपीत, म्हणजे परदेशी युनिव्हर्सिटीच्या अर्जातल्या स्वतःबद्दलच्या निबंधात, एक दणदणीत पॅराग्राफ हवाय म्हणून जाताय? असू दे, त्यात लाजण्यासारखं काही नाही, अर्धी मुंबई त्याच्यासाठीच धावतेय. फक्त मग बालगृह सोडून दुसरं काहीतरी निवडा, झाडं लावा, कासवांची अंडी राखा, एखाद्या संस्थेची वेबसाइट बनवून द्या, एसओपी तितकाच छान होईल. मुलांमध्ये काम करायची खरंच ओढ असेल तर पुढे वाचा, पण पुढचं थोडं जड आहे, आधीच सांगते.

दुसरी पायरी: ही मुलं कोणाची आहेत ते समजून घ्या

पोस्टरवर अनाथाश्रम लिहिलेलं असतं म्हणून आपण धरून चालतो की आतली सगळी मुलं अनाथ. नेपाळात, कंबोडियात, केनियात, कुठेही बघा, अशा संस्थांमधल्या खूप मुलांची आई किंवा वडील, कधी कधी दोघंही जिवंत असतात. मुलं तिथे आलेली असतात ती गरिबीमुळे, किंवा गावात शाळा धड नाही म्हणून, किंवा कोणीतरी घरी येऊन गोड बोलून घेऊन गेलं म्हणून.

नेपाळचं उदाहरण नीट बघा. १९९६ ते २००६ तिथे माओवाद्यांचं युद्ध चालू होतं. हुमलासारख्या लांबच्या डोंगरी जिल्ह्यांत, जिथे रस्ताही नव्हता, दलाल गावात जायचे आणि आईबापांना सांगायचे की पोराला काठमांडूत इंग्लिश शाळेत घालतो, युद्धापासून लांब राहील. आईबाप जमीन विकून, कर्ज काढून पैसे द्यायचे. काठमांडूत पोचल्यावर कितीतरी मुलांचे कागद बदलले गेले, आईवडील वारले असं लिहून टाकलं, आणि तीच मुलं देणगी देणाऱ्या परदेशी पाहुण्यांपुढे अनाथ म्हणून उभी केली. म्हणजे आईबापांकडूनही पैसे आणि पाहुण्यांकडूनही. आता नकाशा काढून बघा, नेपाळात ७७ जिल्हे आहेत पण बहुतेक बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की म्हणजे पोखरा, आणि चितवन इथेच एकवटलेली आहेत. हे पाचही जिल्हे टुरिस्टांचे. मुलं जास्त गरीब जिल्ह्यांतली आणि बालगृहं टुरिस्टांच्या जिल्ह्यांत, यातून काय ते समजा.

एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर हे वाढेल म्हणून नेपाळ सरकारने परवानगीशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घातली आणि नवीन बालगृहांची नोंदणीही थांबवली. केनियाने नवीन बालगृहांची नोंदणी २०१७ मध्ये थांबवली आणि २०२२ पासून दहा वर्षांत मुलांना संस्थांमधून कुटुंबांत हलवायचा कार्यक्रम घेतलाय. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या व्हॉलंटियरिंगमुळे होणाऱ्या नुकसानीचा वेगळा उल्लेख केला. मोठमोठ्या व्हॉलंटियर कंपन्यांनीही हे हळूहळू बंद केलं, प्रोजेक्ट्स अब्रॉडने २०१७ च्या शेवटी अनाथाश्रमांत व्हॉलंटियर पाठवणं थांबवलं. तुम्ही २० वर्षांचे आहात आणि मन चांगलं आहे हे मला मान्य आहे, पण दर दोन आठवड्यांनी नवे चांगल्या मनाचे लोक येतात म्हणूनच हा धंदा चालतो.

दुसरी गोष्ट मुलांच्या मनाची. तुम्ही गेटमधून आत गेल्या गेल्या तीन-चार वर्षांचं पोर धावत येऊन गळ्यात पडतं, आपल्याला भरून येतं, इन्स्टावर टाकावंसं वाटतं. जरा आपल्या सोसायटीतलं त्या वयाचं पोर आठवा, अनोळखी माणूस आला की ते आईच्या मागे लपतं. अनोळखी माणसाच्या कुशीत लगेच शिरणं हे संस्थेत वाढलेल्या लहान मुलांमध्ये बऱ्याचदा दिसणारं लक्षण आहे. रोमानियात बुखारेस्टला २००० सालापासून १३६ लहान मुलांवर अभ्यास झाला, अर्धी चिठ्ठ्या टाकून सांभाळणाऱ्या कुटुंबांत ठेवली, अर्धी संस्थेच्या नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्यांची वाढ, बुद्धी, जवळीक जोडायची ताकद बरीच सुधारली, त्यातही जी लहान वयात गेली त्यांची जास्त. म्हणजे मुलाला लागतो तो एक कायमचा माणूस. दर पंधरा दिवसांनी बदलणारी दिदी त्यात बसत नाही.

तिसरी पायरी: संस्थेला उलटे प्रश्न विचारा

एवढं वाचूनही जायचं असेल तर संस्थेची परीक्षा घ्या. ईमेल करा, व्हिडिओ कॉल मागा. मी एका पोरीसोबत असा एक कॉल केला होता, संस्थेचं नाव घेत नाही. समोरचे गृहस्थ फार गोड बोलत होते, आम्ही विचारलं की मुलांच्या घरच्यांशी संपर्क असतो का, तर त्यांनी उत्तर द्यायच्या ऐवजी फोन फिरवला, पाच-सहा मुलं ओळीत उभी होती, कोणीतरी खूण केली आणि त्यांनी वेलकम वेलकम गायला सुरुवात केली. शेवटचा मुलगा गाताना सारखा कॅमेऱ्यामागे कोणाकडे तरी बघत होता. आम्ही कॉल तिथेच थांबवला. ज्या ठिकाणी अनोळखी माणसाच्या व्हिडिओ कॉलवर मुलं गायला उभी करतात तिथे जायचं नाही, बाकी कितीही छान असलं तरी.

विचारायचं काय? मी हे विचारते. किती मुलांचे आईवडील हयात आहेत आणि त्यांची भेट कधी होते. गेल्या वर्षी किती मुलं घरी परत गेली. सांभाळणारे पगारी लोक किती, ते किती वर्षं टिकून आहेत. माझ्याकडे पोलिसांचं प्रमाणपत्र मागणार का. मुलांच्या सुरक्षेचे लेखी नियम पाठवाल का. माझे पैसे कशावर खर्च होतात. नेपाळसाठी अजून एक प्रश्न आहे जो मला सगळ्यात कामाचा वाटतो, दसैंला मुलं कुठे असतात? दसैं म्हणजे त्यांचा दसरा, सगळा देश आपापल्या गावी जातो, मोठ्यांच्या हातचा टीका लावून घेतो. चांगली संस्था पटकन सांगेल की अमुक इतकी घरी जातात, अमुक मुलांचे नातेवाईक इकडे येतात. तुमची संस्था म्हणाली की नाही हो, दसैंला तर व्हॉलंटियर लोकांसाठी खास प्रोग्राम असतो, तर समजून जा.

नोंदणी आहे का ते नेपाळच्या राष्ट्रिय बाल अधिकार परिषदेकडे विचारता येतं. आणि लक्षात ठेवा, पासपोर्ट नको, कसलंही प्रमाणपत्र नको, फोन नको, फक्त पैसे भरा आणि या असं म्हणणारी संस्था तुम्हाला जशी सहज आत घेते तशी ती कोणालाही घेते. अडचण नको म्हणून पोरं नेमकी अशीच संस्था निवडतात, मला दरवर्षी डोकं धरायला होतं.

आपल्याला नेपाळचा व्हिसा लागत नाही त्यामुळे अजून एक गैरसमज होतो. इतर देशांच्या लोकांना तिथे टुरिस्ट व्हिसावर व्हॉलंटियरचं काम करायला मनाई आहे. भारतीय म्हणून आपण सीमा सहज ओलांडतो, पण सीमा ओलांडता येणं आणि मुलांमध्ये राहायची परवानगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी, दुसरी परवानगी संस्थेने रीतसर घेतलीय का ते विचाराच.

चौथी पायरी: आधी मुंबईत करून बघा

काठमांडूला जायची एवढी तळमळ असलेल्या कितीतरी जणांनी मानखुर्दचं बालगृह बाहेरूनसुद्धा बघितलेलं नसतं. बघितलं तरी आत सोडणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे, परवानगी लागते, बालकल्याण समिती असते, कायदा असतो. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ वाचून ठेवा, संस्थेतल्या मुलाची ओळख उघड करणारा फोटो, नाव, पत्ता छापला किंवा पसरवला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आता विचार करा, इथे जे केलं तर गुन्हा, तेच तिकडे पोस्टरवर छापलेलं असतं.

तर इथे काय करायचं? एनएसएसला असाल तर वर्षाला १२० तास भरायचेच असतात, दोन वर्षांचे २४०, ते नुसतं बॅनर धरून रॅलीत चालण्यात घालवू नका. वस्तीतल्या अभ्यासिकेत, बालवाडीत जा, जिथे मुलं संध्याकाळी स्वतःच्या घरी परत जातात. एक पूर्ण सेमिस्टर, आठवड्याला ठरलेला वार, पाऊस असो लोकल बंद असो. नव्या पॅटर्नमध्ये कम्युनिटी एंगेजमेंटचे क्रेडिट्स असतात तेही यात बसवता येतात, कोऑर्डिनेटरना विचारा. चार महिन्यांत कळतं की गणितातली वजाबाकी तिसरीच्या मुलाला शिकवणं किती कठीण आहे, आणि आपण दोन आठवडे गेलो नाही तर कोण रुसतं. हे न करता थेट परदेशी जाणाऱ्याला मी शिफारसपत्र देत नाही, सरळ नाही म्हणते.

पाचवी पायरी: काम निवडा, मुलांशी खेळणं सोडून

ऐकायला वाईट वाटेल पण थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्याने मुलांना सांभाळायचं काम मागूच नये. मोठ्यांना मदत करायची. बीकॉमवाले हिशेब एक्सेलमध्ये बसवून देऊ शकतात, देणगीच्या पावत्या, किराण्याचे हिशेब, हे कुठल्याही संस्थेत दोन-दोन वर्षं पडून असतं. मास मीडियावाले स्टाफसाठी ट्रेनिंगचे व्हिडिओ बनवू शकतात, चेहरे न दाखवता. हॉटेल मॅनेजमेंटवाल्यांनी स्वयंपाकघर बघावं, पाणी, साठवण, हात धुणं. कॉम्प्युटरवाल्यांनी मुलांच्या फाइली कुलूपबंद आणि पासवर्डच्या आत कशा ठेवायच्या ते शिकवावं. शक्यतो अशी संस्था शोधा जी मुलांना घरी परत पाठवण्याचं काम करते किंवा गावातच शाळेला मदत करते म्हणजे मूल मुळात घराबाहेर पडतच नाही. पोस्टरवर असल्या संस्था कमी दिसतात, शोधाव्या लागतात.

मेडिकल, फिजिओ, सायकॉलॉजीवाल्यांना एकच नियम, जे तुम्हाला केईएम किंवा सायन हॉस्पिटलमध्ये शिकाऊ म्हणून करू देणार नाहीत ते तिकडेही करायचं नाही. इंजेक्शन नाही, कौन्सेलिंग नाही, तुझ्या आईबद्दल सांग ना असले प्रश्न तर अजिबात नाही.

सहावी पायरी: कागद आणि पैसे

विमानाने नेपाळला जायला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार कार्ड मोठ्या माणसाला चालत नाही आणि इथेच १९ वर्षांची पोरं अडकतात, हातात आधार, पॅन, कॉलेजचं आयडी सगळं असतं पण हवं ते नसतं. पासपोर्ट काढून टाका, ३६ पानी साधा १५०० रुपये, तत्काळ हवा तर वर २०००. लोअर परळ, मालाड, अंधेरी, ठाणे, जिथली अपॉइंटमेंट मिळेल तिथे जा. हॉस्टेलवर राहत असाल तर पत्त्याचा घोळ होतो, कॉलेजकडून बोनाफाइड घेऊन ठेवा.

पोलिसांच्या प्रमाणपत्राबद्दल नेहमी गोंधळ होतो. पासपोर्ट ऑफिसचं पीसीसी म्हणजे पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट नोकरी, लाँग टर्म व्हिसा वगैरेसाठी असतं, फिरायला जाणाऱ्याला ते सहसा देत नाहीत. तुम्हाला महाराष्ट्र पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र चालेल, ऑनलाइन अर्ज करायचा, मग आपल्या पोलिस स्टेशनला चक्कर. परीक्षेच्या आधीच अर्ज टाका, एप्रिलमध्ये टाकाल आणि मेमध्ये निघायचं म्हणाल तर जीव टांगणीला लागेल.

कमी पैशात जायचं तर एलटीटीहून (लोकमान्य टिळक टर्मिनस) कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर, तिथून बसने सोनौली, सीमा पायी ओलांडायची आणि पलीकडून काठमांडूची बस. अंग मोडतं, पण जमतं. शंभरपर्यंतच्या नोटा ठेवा, मोठ्या नोटांची कटकट होते. आपल्या १०० रुपयांचे नेपाळी १६० हा दर ठरलेला आहे, सीमेवरचा कोणी कमी सांगत असेल तर पुढे चला.

केनिया-युगांडाकडे जाणाऱ्यांनी पिवळ्या तापाची लस निघायच्या निदान दहा दिवस आधी घ्यायची, त्याचं पिवळं कार्ड जपून ठेवायचं, नाहीतर येताना मुंबई एअरपोर्टवरच क्वारंटाइन होण्याची वेळ येऊ शकते. एकदा घेतली की जन्मभर चालते. नेपाळसाठी डॉक्टरांना टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए बद्दल विचारा, डोंगरात जाणार असाल तर रेबीजचंही. आणि खोकला-ताप असेल तर निघू नका, शंभर पोरांच्या घरात एक कांजिण्यांचा पेशंट पुरतो.

इन्शुरन्स काढा. यावर वेगळं काही लिहीत नाही, काढा.

घरच्यांना पटवायचं तर संस्थेच्या माणसाचं आणि आईचं एकदा बोलणं करून द्या. आयांना खोटं बोलणारा माणूस आपल्यापेक्षा लवकर कळतो.

सातवी पायरी: तिथे पोचल्यावर

नेपाळात सकाळी नऊ-दहाला डाळभात जेवून मुलं शाळेत जातात, शनिवारी सुट्टी. मुलं शाळेत असताना तुमचं ऑफिसचं काम, आणि मुलं घरी आल्यावर त्यांच्या नेहमीच्या दिदींचं राज्य. तुम्ही स्वयंपाकघरात बसून बटाटे सोला, सांभाळणाऱ्या बाईंशी गप्पा मारा, संस्थेची खरी माहिती तिथेच मिळते. कुठल्या मुलाला काही हवं असेल तर तुम्ही देऊ नका, त्या बाईंना सांगा आणि त्यांच्या हातून जाऊ दे, मुलाने त्यांच्याकडे मागायला शिकलं पाहिजे.

मुलाबरोबर बंद खोलीत एकटं राहायचं नाही. आंघोळ, कपडे बदलणं यात हात घालायचा नाही. चॉकलेट, घड्याळ, जुना फोन, काही वाटायचं नाही, एकाला दिलं की नऊ जण तोंड पाडतात आणि रात्री भांडणं दुसऱ्यांना सोडवावी लागतात. मी परत येईन हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. फोटो स्वतःचा काढा, डोंगराचा काढा, मुलांचा नाही, पाठमोरासुद्धा नाही, कारण शाळेचा युनिफॉर्म आणि गेट ओळखू येतं.

काही वावगं दिसलं, मारहाण, उपाशी ठेवणं, रात्री बाहेरचे लोक येणं, तर तिथे हिरोगिरी करू नका, मुलाला प्रश्न विचारत बसू नका. तारीख, वेळ, काय दिसलं ते लिहून ठेवा आणि नेपाळची बाल हेल्पलाइन १०९८ ला कळवा. आपल्याकडेही नंबर तोच आहे, आणि आपली ती हेल्पलाइन १९९६ मध्ये इथेच मुंबईत, टाटा इन्स्टिट्यूटच्या प्रकल्पातून सुरू झाली.

आठवी पायरी: निघताना आणि परत आल्यावर

निघायची तारीख मुलांना पहिल्या दिवसापासून माहीत असू दे, कॅलेंडरवर खूण करून. मोठी मुलं इन्स्टावर रिक्वेस्ट पाठवतात, स्वीकारायची नाही, संस्थेच्या नियमात काय आहे ते त्यांना आधीच सांगून ठेवायचं.

कॉलेजात प्रेझेंटेशन द्यावं लागेल, त्यात काम दाखवा, हिशेबाचा नमुना, ट्रेनिंगची स्लाइड, मुलांच्या करुण कहाण्या नाही. सर्टिफिकेट घेताना त्यावर काय लिहिलंय ते वाचा, अनाथ मुलांची सेवा वगैरे असेल तर बदलून घ्या, हिशेब प्रणाली तयार केली असं लिहिलं तर नोकरीच्या इंटरव्ह्यूला उपयोगी पडेल. आणि पुढे पैसे पाठवावेसे वाटले, वाटतातच, तर मुलाच्या नावाने स्पॉन्सरशिप घेऊ नका, मुलांना घरी पोचवून नंतर दोन-तीन वर्षं कुटुंबाकडे लक्ष ठेवणाऱ्या कामाला द्या आणि पावती मागा.